सहा पौंडांचा घोळ : हंगामाबाहेरची कुस्ती आणि कॉलेजभरतीचं एक प्रकरण

या प्रकरणातला मुलगा नमुन्याचा आहे. न्यू जर्सीतल्या अनेक घरांत घडणाऱ्या गोष्टी एकाच मुलावर रचल्या आहेत. नियम, स्पर्धा आणि वर्षं मात्र जशी आहेत तशीच ठेवली आहेत.

मार्च २०२५. मिडलसेक्स काउंटीतल्या एका सरकारी शाळेत अकरावीत शिकणारा मुलगा १४४ पौंडी गटात, म्हणजे साधारण ६५ किलोत, खेळतो. रीजनमध्ये, म्हणजे राज्याआधीच्या विभागीय स्पर्धेत, चौथा येऊन तो अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमधल्या राज्य स्पर्धेला पोचला. तिथे एक कुस्ती जिंकली, दोन हरला. गुण चांगले आहेत आणि इंजिनिअरिंग करायचं आहे. वडील सांगलीकडचे, आजोबांनी तरुणपणी तालमीची माती अंगाला लावलेली. घरातला बेत सरळ होता : वसंतापासून मिळेल त्या स्पर्धेत उतरायचं, डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेजखेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा, कोणीतरी कोच बघेल आणि स्कॉलरशिप देईल.

भरतीत सगळ्यात अवघड जागा याच मुलांची असते. राज्यविजेत्याच्या दारात कोच स्वतः येतात. ज्याला राज्य गाठता आलं नाही, त्याच्या अपेक्षाही बेताच्या असतात. मधल्या मुलाकडे आशा भरपूर असते आणि दाखवायला थोडं. हंगामाबाहेरच्या सात-आठ महिन्यांत ते थोडं वाढवता येतं, तसं वायाही घालवता येतं.

काय खेळला

अमेरिकन हायस्कूलचा हंगाम मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो आणि लगेच दुसरा बाजार उघडतो. मार्चअखेरीस व्हर्जिनिया बीचला एनएचएससीएची, म्हणजे हायस्कूल कोचांच्या संघटनेची, राष्ट्रीय स्पर्धा असते. ती फोकस्टाइलमध्ये, म्हणजे अमेरिकन शाळा-कॉलेजांच्या शैलीत, होते आणि मुलं इयत्तेनुसार विभागलेली असतात, त्यामुळे अकरावीचा मुलगा अकरावीच्याच मुलांशी खेळतो. एप्रिलपासून फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन सुरू होतं. राज्य संघात जागा मिळवणारे जुलैत नॉर्थ डकोटातल्या फार्गोला जातात. फार्गोडोमच्या ज्युनिअर फ्रीस्टाइल स्पर्धेत एकेका मधल्या वजनगटात शंभराच्या आसपास पैलवान उतरतात. ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला सुपर ३२ होते, पुन्हा फोकस्टाइलमध्ये. या तीन मोठ्या मुक्कामांच्या मध्ये छोट्या स्पर्धा, ड्युअल्स (संघ विरुद्ध संघ लढती) आणि शिबिरं इतकी असतात की एकही शनिवार-रविवार मोकळा राहू नये.

या मुलाने मार्चअखेर ते जुलै दहा स्पर्धा खेळल्या. त्यातल्या सात घरापासून दोन तासांच्या आत होत्या आणि तिथे कॉलेजचा एकही कोच नव्हता. सरावासाठी त्या ठीक होत्या, पण घरच्यांच्या हिशेबात त्या ‘दिसण्या’साठी धरल्या होत्या. जत्रेत पंच जोड बघून कुस्ती लावतात, इथे ड्रॉ आंधळा असतो. छोट्या स्पर्धेत तीन नवशिक्यांना चितपट करून मिळालेलं सुवर्णपदक कोचच्या लेखी जवळपास शून्य असतं. ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळलं याचा तक्ता, ऑनलाइन असतो, आणि कोणाला हरवलं हे तो अर्ध्या मिनिटात बघतो.

१३८ ची चूक

या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक एनएचएससीएच्या नोंदणीअर्जावर झाली. हंगामात १४४ ला खेळलेला मुलगा तिथे १३८ ला नोंदवला गेला. हलक्या गटात आपण ताकदवान ठरू, असा वडिलांचा अंदाज होता.

हंगामात असं करता आलं नसतं. शाळेच्या हंगामाआधी प्रत्येक पैलवानाची वजनतपासणी होते. आधी लघवीची चाचणी, तिचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या वर गेलं तर शरीरात पाणी कमी म्हणून तपासणी रद्द. मग चरबीचं मोजमाप. मुलांना ७ टक्के चरबीच्या खाली जाता येत नाही, मुलींना १२ टक्क्यांच्या खाली. वजन उतरवायचा वेग आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. या मुलाचं त्या दिवशीचं वजन १४८ पौंड होतं आणि चरबी ११ टक्के. म्हणजे चरबी सोडून शरीर १३१.७ पौंडांचं. त्याला ०.९३ ने भागलं की किमान वजन येतं १४१.६ पौंड. त्याच्या वर सर्वांत जवळचा गट १४४, म्हणून तो १४४ ला खेळला.

हंगामाबाहेरच्या खाजगी स्पर्धांना हे बंधन लागू होत नाही. तिथे फक्त काटा बघतात. १३८ वर उतरलेल्या याच शरीरात चरबी उरते साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कॉलेजचे प्रौढ पैलवान ज्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत राहतात तिच्याही खाली. प्रत्यक्षात चरबी तेवढी जळतच नाही. शेवटच्या दोन दिवसांत पाणी जातं. १९९७ साली वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवानांचा मृत्यू झाला, त्यानंतर अमेरिकेत ही नियमावली आली. तिच्या बाहेर पडायचं स्वातंत्र्य मिळालं म्हणून ते वापरायचं नसतं.

व्हर्जिनिया बीचला तो पहिली कुस्ती जिंकला. दुसरीत तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पुढे होता. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभा राहिला, समोरच्याने एकेरी पट काढला आणि सामना गेला. एकदा हरलेल्यांच्या फळीत पहिल्याच कुस्तीत बाहेर. त्या मॅटशेजारी डिव्हिजन वनचा एक सहायक कोच उभा होता. अख्ख्या वसंतात त्याच्यावर पडलेली ही एकमेव खरी नजर, आणि ती दमलेल्या तिसऱ्या फेरीवर पडली.

कॉलेजचे गट वेगळे आहेत : १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५. पाच फूट नऊ इंचांचा, अजून खांदे भरायचे बाकी असलेला मुलगा दोन वर्षांनी कुठे बसेल, हा कोचचा पहिला प्रश्न असतो. हा मुलगा उघडच १४९ चा, कदाचित १५७ चा. त्याने १३८ ला उतरून कोचला सांगितलं ते असं : मला माझं वजन कळत नाही. १५० ला खेळून एक-दोन कुस्त्या कमी जिंकला असता, तरी तो जास्त उपयोगाचा पैलवान दिसला असता.

दोन शैली, दोन प्रश्न

एप्रिल ते जुलै तो फ्रीस्टाइल खेळला आणि तिथून गोंधळ वाढला. आपल्याकडे माती आणि मॅट यातला फरक सगळ्यांना ठाऊक आहे. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीतला पैलवान मॅटवर उतरला होता, आणि तरी सहावा आला. फोकस्टाइल आणि फ्रीस्टाइलमधला फरक वरून तेवढा ठळक दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवतो.

फोकस्टाइलमध्ये ताब्याला किंमत आहे. २०२४-२५ पासून हायस्कूलमध्येही टेकडाउनला (उभ्यावरून खाली पाडून ताबा घेण्याला) तीन गुण मिळतात, सुटकेला एक, खालून उलटून वर आलं तर दोन. कॉलेजमध्ये वर बसण्याच्या वेळेत एकूण एक मिनिट किंवा जास्त आघाडी ठेवली की रायडिंग टाइमचा आणखी एक गुण. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे सवारीला पैसे मिळतात. फ्रीस्टाइलमध्ये सवारी काही सेकंदच चालते, मग पंच उभं करतो. तिथे किंमत आहे ती पाठ उघडी पडण्याला : पाठ मॅटकडे वळली की दोन गुण, आणि मॅटबाहेर ढकललं तरी एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते.

फोकस्टाइलच्या मुलाची खालून सुटण्याची सवय म्हणजे खांद्यावरून गडगडत लोळणं. शाळेत ते चालतं, कारण पाठ क्षणभर मॅटकडे गेली तरी गुण जात नाही. फ्रीस्टाइलमध्ये तेच लोळणं प्रतिस्पर्ध्याला दोन-दोन गुणांची भेट देतं. फार्गोला हा मुलगा दोन कुस्त्या जिंकला आणि दोन हरला. त्यातली एक हार १०-० होती : एकदा खाली गेला, पाय आवळले गेले, आणि सुटायच्या नादात तो स्वतःच लोळत राहिला. हे तंत्राचं अज्ञान होतं. तीन महिने शैली शिकायला ठेवले असते तर ती कुस्ती जिंकली नसती कदाचित, पण दीड मिनिटात संपलीही नसती.

मग फ्रीस्टाइल खेळूच नये का? खेळावं, आणि याच मुलाने दोन वर्षं आधी सुरू करायला हवं होतं. उभ्या कुस्तीत, हातांच्या झटापटीत आणि पटात शिरण्यात फ्रीस्टाइलसारखा सराव नाही. पण या पातळीच्या मुलाबद्दल कॉलेजच्या कोचचा दुसरा प्रश्न असा असतो : याला खाली घातलं तर हा उठतो का? कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं उभ्यानं हरत नाहीत, खाली अडकून हरतात. एकदा पाडलं, दोन मिनिटं बसवून ठेवलं, वर रायडिंग टाइम. फार्गोत या प्रश्नाचं उत्तर दिसतच नाही. ते व्हर्जिनिया बीचला आणि ग्रीन्सबरोला दिसतं. म्हणून अशा काठावरच्या मुलाने फार्गोची तयारी करताना आठवड्यातून एक दिवस तरी फोकस्टाइलच्या खालच्या अवस्थेला द्यावा. या मुलाने एप्रिल ते जुलै तो एकदाही दिला नाही.

गप्प उभे राहणारे कोच

वडिलांची मोठी तक्रार होती की कोच आले, बघून गेले, साधा नमस्कारही केला नाही. डिव्हिजन वनच्या कोचला स्पर्धा चालू असताना खेळाडूशी बोलता येत नाही. खेळाडूची शेवटची कुस्ती होऊन तो आपल्या संघाकडून मोकळा झाल्यावरच बोलता येतं. मॅटशेजारी हाताची घडी घालून गप्प उभा असलेला माणूस बहुतेक वेळा नियम पाळत असतो.

दुसरा गैरसमज तारखांचा होता. दहावी संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपासून डिव्हिजन वनचा कोच खाजगीत बोलू आणि लिहू शकतो. अकरावीआधीच्या १ ऑगस्टपासून अधिकृत भेटीला बोलावू शकतो. या मुलाच्या बाबतीत या तारखा २०२४ च्या होत्या. १५ जूनला फोन वाजला नाही, म्हणून घरच्यांनी धरून चाललं की अजून वेळ आहे, बारावीत बघू. प्रत्यक्षात त्या दिवशी फोन वाजतो तो पहिल्या फळीच्या मुलांचा. बाकीच्यांना स्वतः लिहावं लागतं, आणि मुलाने कोचला लिहायला कोणत्याच इयत्तेत बंदी नाही.

आलेल्या मेल होत्या त्या शिबिरांच्या. ‘तुझी निवड झाली आहे’ अशा मजकुराच्या पाच मेल, नावासकट. वडील दोन ठिकाणी पैसे भरून आले. अशी मेल नोंदणीच्या यादीतल्या शेकडो मुलांना जाते आणि शिबिर हे कॉलेजच्या संघाचं उत्पन्नही असतं. शिबिराला जायचं ते कोचशी आधी एकदा तरी थेट बोलणं झालेलं असेल तिथे. तेव्हा तो मुलाला कुठल्या जोडीदाराबरोबर सराव द्यायचा हे ठरवून ठेवतो.

६ जून २०२५

या सगळ्याच्या मध्यात नियमच बदलले. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस प्रकरणातला, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या खटल्यातला, समझोता मंजूर केला. तोवर डिव्हिजन वनच्या कुस्तीसंघाला ९.९ स्कॉलरशिप होत्या आणि त्या तुकडे करून कितीही जणांत वाटता येत. पूर्ण स्कॉलरशिपचा कुस्तीपटू आधीही दुर्मीळच होता. समझोता स्वीकारणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त ३० खेळाडू अशी मर्यादा आली.

ऐकायला ही चांगली बातमी वाटते. या मुलासाठी ती वाईट होती. डिव्हिजन वनचं त्याचं खरं दार स्कॉलरशिपचं नव्हतंच. ते होतं पैशाविना संघात येण्याचं : पस्तीस-चाळीस मुलांच्या सरावखोलीत शेवटच्या पाच जणांत जागा मिळवायची आणि दोन वर्षांत वर चढायचं. तीसच्या मर्यादेत ती शेवटची खुर्चीच गेली. उरलेल्या जागांवर दुसऱ्या कॉलेजांतून बदली होऊन येणारे, कॉलेजची कुस्ती आधीच खेळलेले पैलवान दावा करतात. जुलैत दोन डिव्हिजन वन कोचनी त्याला जवळपास एकाच वाक्यात उत्तर दिलं : मुलगा चांगला आहे, आमच्याकडे जागा नाही.

उशिरा केलेली दुरुस्ती

जुलैअखेर घरच्यांनी बेत बदलला. सर्वांत आधी एनसीएए या कॉलेजखेळांच्या संघटनेच्या पात्रता केंद्राचा हिशेब केला, जो नववीतच करायला हवा होता. डिव्हिजन वनला १६ मान्य विषय लागतात, आणि त्यात किमान २.३ सरासरी. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. मान्य विषयांची यादी प्रत्येक शाळेची वेगळी असते आणि ती केंद्राच्या संकेतस्थळावर दिसते. या मुलाचे रोबोटिक्सचे दोन विषय यादीत नव्हते. उलट आठवीत केलेलं अल्जिब्रा वन हायस्कूलच्या गुणपत्रिकेवर श्रेणीसह उमटलेलं असल्याने धरलं गेलं. हिशेब जेमतेम जमला. भारतात नववी-दहावी करून आलेल्या मुलाने नववीपासूनच्या मूळ गुणपत्रिका आधीच जमवून ठेवाव्यात, त्या मिळवण्यातच महिने जातात.

मग यादी. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या कुस्तीचे संघ ऐंशीच्या आसपास आहेत, डिव्हिजन थ्रीमध्ये शंभराहून बरेच जास्त. डिव्हिजन थ्री खेळासाठी पैसे देत नाही, पण गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत देऊ शकते. गुण चांगले असलेल्या मुलाला ही रक्कम डिव्हिजन वनच्या तुकड्यातल्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघू शकते. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा कॅल्क्युलेटर असतो. वडिलांनी अठरा कॉलेजांचे आकडे एका रात्रीत भरले. आठ नावं तिथेच गळाली.

उरलेल्या दहांना मुलाने स्वतः मेल लिहिली. पालकांनी लिहिलेली मेल ओळखू येते आणि ती आवडत नाही. विषयाच्या ओळीत चारच गोष्टी : हायस्कूल संपण्याचं वर्ष २०२६, कॉलेजमधला अपेक्षित गट १४९, राज्य, सरासरी. आत पाच ओळी आणि तीन दुवे. आधी त्याने तीन मिनिटांची निवडक क्षणांची फीत पाठवली होती, ती काढली. तिच्यात प्रत्येक पट यशस्वीच असतो, त्यामुळे तिच्यातून काही कळत नाही. त्याऐवजी तीन अख्ख्या कुस्त्या दिल्या : एक चांगला विजय, एक खालून दोनदा सुटून ओढलेली, आणि राज्य स्पर्धेतली हार. हरलेली कुस्ती पाठवायला वडील तयार नव्हते. सहा कोचनी उत्तर दिलं, त्यातल्या दोघांनी त्या हारेबद्दलच विचारलं.

ऑगस्टमध्ये चार कॉलेजांनी गुणपत्रिका मागवली. हा टप्पा बऱ्याच पालकांना माहीत नसतो. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये कोच मुलाची कागदपत्रं प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवतो आणि त्याला अंदाज मिळतो : येईल, कठीण आहे, किंवा नाही. हा अंदाज म्हणजे प्रवेश नव्हे, पण तो मागवलाच नाही तर कोचच्या गोड बोलण्याला फारसा अर्थ नाही. दोन ठिकाणी ‘येईल’ आलं. सप्टेंबरमध्ये मुलगा दोन्हीकडे रात्र राहून आला, संघाच्या मुलांबरोबर जेवला, इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेच्या वेळा आणि सरावाच्या वेळा एकमेकांवर येतात का हे विचारलं. एका ठिकाणी येत होत्या, आठवड्यातून दोनदा.

दुसऱ्या कॉलेजात त्याने अर्ली डिसिजनचा अर्ज केला, मुदत १५ नोव्हेंबर. हा अर्ज बांधून घेणारा असतो, निवड झाली तर जावंच लागतं. म्हणून आर्थिक मदतीचा लेखी अंदाज हातात आल्यावरच सही झाली.

ऑक्टोबरमध्ये सुपर ३२ होती. बारावीच्या शरदातली ही स्पर्धा अशा मुलाच्या भरतीसाठी उशिराची. अकरावीतली हीच स्पर्धा त्याने सोडली होती, आणि पूर्ण प्रकरणात पुन्हा निवडायची संधी मिळाली तर बदलावी अशी पहिली गोष्ट तीच. तरी तो गेला, १५० ला, काहीही न उतरवता. तीन जिंकला, दोन हरला. दोन्ही वेळा तिसऱ्या फेरीत पायांवर उभा होता.

नोव्हेंबरच्या वजनतपासणीत तो १५३ पौंड भरला, चरबी ९ टक्के. किमान वजन निघालं १४९.७, गट १५०. आकडे त्याने कॉलेजच्या कोचला पाठवले. उत्तर एका ओळीचं होतं : इथे १५७ साठी जेवायला लाग.